साचेवाल्यांची शंका

"तुम्ही मूर्ती घडवता का हो?" असं कुणी विचारलं की साचेवाले लगेच हात झटकायचे. "घडवणारे वेगळे. मी काढतो." आणि खरंच, माणसानं आयुष्यभर तेवढंच केलं. प्लास्टर कालवायचं, साच्यात ओतायचं, घट्ट झालं की साच्याचे तुकडे एकेक करून सोडवायचे आणि आतून एखादा संत नाहीतर देवदूत बाहेर काढायचा. मग साच्याच्या दोन तुकड्यांमध्ये उमटलेली सांध्याची रेघ पातीनं खरवडून, घासून नाहीशी करायची. ती राहिली तर गिऱ्हाईक म्हणणार, देवाला टाके घातलेत की काय!

कारखाना म्हणजे सायकलच्या दुकानामागची एक लांबट खोली. भिंतीभर फळ्या. एका फळीवर चेहऱ्यांचे साचे, एकीवर हातांचे, खाली पायांचे, आणि पंख दाराजवळ, कारण ते दुसरीकडे कुठे मावायचेच नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याचा खांदा त्यांना लागायचा आणि साचेवाले आतून ओरडायचे, "अहो, देवदूत आहे तो, जरा बघून!" पांढरी भुकटी तर इतकी उडायची की तिशीतच त्यांच्या भुवया पिकल्यासारख्या दिसायच्या. रस्त्यात पोरं आजोबा म्हणायची. त्यांना त्याचा राग यायचा नाही. बायकोला मात्र यायचा, कारण मग तीही आजी ठरायची.

या धंद्याची एक रीत आहे, ती आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. इथे नवी मूर्ती कधी नवी नसते. कारखाना मूळचा सासऱ्यांचा. साचेवाले तिथे कामाला लागले आणि जावई होऊन राहिले. सासऱ्यांनी बजावून ठेवलं होतं, "मातीला हात लावायच्या आधी फळीकडे बघ." म्हणजे फावडं धरलेल्या संताचा हात कापायचा, पुस्तक धरलेला हात चिकटवायचा, की झाला विद्वान संत तयार. येशूच्या पवित्र मातेच्या मांडीवरचं बाळ काढून तिथे फुलं ठेवली की दुसरीच कुणी संतीण. एकदा एका बाईंनी तक्रार केली, तुमच्या सगळ्या संतिणी सारख्याच कशा दिसतात? साचेवाल्यांची बायको रंगाच्या वाटीतून मान वर न करता म्हणाली, "बहिणी असतील."

बरं, नक्कल ओळखण्यात साचेवाल्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा दुसऱ्या एका कारखानदारानं यांचीच मूर्ती विकत नेऊन तिच्यावरून साचा काढला आणि स्वतःच्या नावानं माल विकायला लागला. साचेवाले त्याच्या दुकानात गेले, एका संताच्या झग्याची कड बोटानं चाचपली आणि म्हणाले, "हा टवका माझ्या साच्याचा आहे. माझ्या हातून पडला होता तेव्हा उडाला. आणि बोटं बघा कशी बोथट झालीत. नकलेवरून नक्कल काढली की बोटं पहिली जातात." त्या माणसाचा चेहरा असा पडला की साचेवाल्यांनाच दया आली. पण घरी येऊन हा किस्सा बायकोला इतक्या वेळा सांगितला, की शेवटी तीच म्हणाली, "आता पुरे हो, मला तो टवका स्वप्नात दिसायला लागलाय."

ही बायको मूर्तींचे डोळे रंगवायची. बाकी रंग कुणीही द्यावा, डोळे तिनंच. ब्रश टेकवायच्या आधी श्वास रोखायची आणि मूर्तीला म्हणायची, "थांब हं, आता दिसेल तुला." त्या वेळी कारखान्यात शिंकायचीही बंदी. ती गेल्यावर हे काम पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाकडे आलं. माणूस सज्जन, पण त्याच्या हातचे सगळे संत चकणे. एक देवदूत तर असा निघाला, की त्याचा एक डोळा स्वर्गाकडे आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या खिशाकडे.

ती गेली आजारानं. अंथरुणावर पडून पडून, हळूहळू. रडारड तिला खपायची नाही. एका दुपारी साचेवाले उशाशी बसलेले, तर म्हणते, "मी पुढे होते. तुम्ही या सावकाश, काम उरकून. मी जागा धरून ठेवते." नाटकाला आधी पोचणाऱ्यानं सांगावं ना, तसं. आणि साचेवाल्यांनी ते तस्संच्या तसं खरं धरलं. ते काही मोठे भाविक नव्हते. चर्चच्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, प्रवचन सुरू झालं की त्यांचा डोळा लागायचा. पण येशू मेला आणि उठला, म्हणून आपलं माणूसही उठणार, आणि आपल्याला भेटणार, यावर त्यांचा विश्वास जमिनीवर पाय ठेवण्याइतका साधा होता. तोवर दिवस ढकलायचे. दिवसभरात काही गंमत झाली की ते मनात बाजूला काढून ठेवायचे, तिला सांगायला. चकण्या देवदूताची गोष्टही त्यांनी अशीच तिच्यासाठी राखून ठेवली होती.

तिला जाऊन वर्ष व्हायच्या आत तिच्या कबरीवर मूर्ती बसवायची, असं त्यांनी ठरवलं. फळीवरचा उठलेला येशू घेतला, आशीर्वादाला वर केलेला त्याचा हात करवतीनं कापला आणि तिथे तार बांधून मातीचा नवा हात करायला घेतला, खाली झुकलेला. त्या हाताला धरून एक बाई मातीतून उठते आहे, असं काम. बाई पूर्ण मातीची, अगदी नवी. आयुष्यात पहिल्यांदा साचेवाले काढत नव्हते, घडवत होते. माती वाळून तडकू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ ओली फडकी गुंडाळायची. सगळं जमलं की साचा घेऊन सिमेंटमध्ये ओतायचं, कारण प्लास्टर पावसात टिकत नाही.

घरात आता दोघंच, ते आणि लेक. लेक शाळेत इतिहास शिकवते. बुद्धीनं तल्लख, जीभही तशीच. आई गेल्यापासून तिनं चर्चची पायरी चढली नव्हती. साचेवाले बोलायचे नाहीत, पण मनात खात राहिलं होतं. एका रविवारी जेवताना ते तोंडावाटे बाहेर पडलंच.

"फादर विचारत होते, लेक दिसत नाही. काय सांगू त्यांना?"

"सांगा, झोपली होती."

"दर रविवारी?"

"बाबा, जेवा ना."

"आई तिथे वाट बघत बसलीय, आणि तू इथे..."

लेकीनं ताट पुढे सारलं. "आई कुठेही वाट बघत बसलेली नाही!" म्हणाली. मग जी सुटली ती सुटलीच. आजारपणात रात्रंदिवस तीच आईजवळ होती. तिनं केलेल्या प्रार्थना कुणी ऐकल्या नव्हत्या. तो सगळा राग इतिहासाचे कपडे घालून बाहेर आला. "येशूच्या जन्माची तारीख सूर्याच्या सणाची. डोक्यामागचं तेज सूर्यदेवाचं. मांडीवर बाळ घेतलेली आई इजिप्तच्या देवीची. मरून उठणारे देव तर येशूच्या आधी जागोजाग होते. सगळं उसनं आहे, बाबा. नुसते हात बदललेत. तुम्ही बदलता ना, तसे."

"काहीतरी बोलू नकोस."

"काहीतरी? हे बघा." तिनं फोनवर एक चित्र काढून त्यांच्यापुढे धरलं. इसिस नावाची देवी, मांडीवर मूल, दूध पाजायच्या बेतात. येशूच्या कितीतरी शतकं आधीची.

साचेवाल्यांनी चष्मा लावला. त्यांनी देवी पाहिलीच नाही. त्यांनी गुडघा पाहिला. मग मांडीचा उतार, मुलाच्या पाठीमागचा हात, मानेचा कल. झग्याची कड चाचपल्यासारखं त्यांचं बोट काचेवरून फिरलं. पवित्र मातेची म्हणून हीच बैठक त्यांच्या फळीवर होती. ती त्यांनी जन्मभर काढली होती. चष्मा काढून ठेवून ते हात धुवायला उठले. लेकीला वाटलं, बाबा रागावले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता यात साचेवाल्यांची चूक काय झाली, तर ती त्यांच्या धंद्याची चूक. त्यांच्या जगात दोन सारख्या वस्तूंचा साचा एकच असतो, याला दुसरं उत्तरच नाही. आणि एक तुकडा चोरीचा सापडला की बाकीची मूर्ती तपासायची गरज उरत नाही. मांडी ज्यांनी तिकडून उचलली, त्यांनी उठणंही तिकडूनच उचललं असणार. म्हणजे उठलं कुणीच नाही. नकलेवरून नक्कल, आणि आपण त्या बोथट बोटांना धरून बसलोय. देवा रे! बायको गेली तेव्हा ती कुठेतरी पुढे गेली होती. आता ती नुसतीच गेली.

तरी एकदा विचारून बघावं म्हणून ते फादरांकडे गेले. फादर चर्चमागे झाडांना पाणी घालत होते. वयस्कर, ढगळ पँट, हातात गळका झारा. साचेवाल्यांनी गाऱ्हाणं मांडलं तसे ते झारा खाली ठेवून पायरीवर बसले.

"लेक म्हणते ते सगळं खोटं नाही हो," फादर म्हणाले. "दिवे, धूप, डोक्यामागचं तेज, चित्रं, आपण इकडून तिकडून पुष्कळ घेतलं. माणसं नवीन घरात गेली तरी भांडी जुनीच नेतात. त्यात लाजायचं काय?"

"भांड्यांचं नाही विचारत, फादर. उठल्याचं विचारतोय. तिथे सांधा आहे की नाही, एवढं सांगा."

"मला नाही वाटत तिथे आहे. ज्यांनी पहिल्यांदा ते सांगितलं त्यांनी त्यासाठी मार खाल्ला. कुणाच्या चित्रावरून उचललेल्या गोष्टीसाठी कुणी एवढा मार खात नाही, असं आपलं माझं मत."

"मत?"

"मतच. पुरावा असता तर मी त्याला विश्वास कशाला म्हटलं असतं?"

साचेवाल्यांना हे उत्तर अजिबात पटलं नाही. "मग ती मांडी सारखी कशी?" ते हट्टानं म्हणाले.

"अहो, माझी मावशी आणि आपला पोस्टमन अगदी हुबेहूब दिसायचे. मिशीसकट. म्हणून काय मी काही संशय घ्यायचा?"

एरवी साचेवाले खो खो हसले असते आणि हे बायकोसाठी राखून ठेवलं असतं. या वेळी राखून ठेवायचं कुणासाठी, हाच प्रश्न होता. ते उठले आणि जाता जाता म्हणाले, "कबरीवर साधा दगड बसवतो. मूर्तीचं राहू दे." फादर त्यांच्यामागे फाटकापर्यंत आले. फाटक लावून ते तिथेच उभे राहिले.

त्या दिवसापासून साचेवाल्यांनी मातीवर ओली फडकी घालणं सोडलं. बाकी काम चालू होतं. संत येत होते, जात होते, चकणे का होईनात. घरीही सगळं वरवर ठीक. भाजीत मीठ कमी असलं तरी बोलायचे नाहीत, आणि हेच लेकीला खटकायला लागलं, कारण मिठावरून कटकट करणं हा त्यांचा जन्मसिद्ध हक्क होता. तिनं दोनदा विचारलं, "बाबा, माझ्यावर रागावलात का?" दोन्ही वेळा ते "छे गं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तिला खरं कळलं ते रस्त्यात. पाट्या रंगवणारा शिडीवर चढून एका दुकानाची पाटी रंगवत होता. तिला बघून खाली उतरला. "ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा हं. एवढे चांगले ब्रश दिले त्यांनी."

"कुठले ब्रश?"

"आईंचे. डोळ्यांचे. मी म्हटलं, काका, हे ठेवा, आठवण असते. तर म्हणाले, घेऊन जा, आता कोण परत मागणार आहे?"

लेकीच्या हातातली पिशवी तिला जड झाली. आईचे ब्रश बाबा दर आठवड्याला धुऊन, केसांना तेलाचं बोट लावून, फडक्यात गुंडाळून ठेवायचे. का ठेवता, असं तिनं एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते, "तिच्या वस्तू आहेत, नीट नको ठेवायला?" आणि आता कोण परत मागणार आहे! एका जेवणात, एका चित्रानं, तिनं आईला दुसऱ्यांदा मारलं होतं, आणि या वेळी बाबांच्या हातातून हिसकावून. शाळेतली बाई असूनही ती भर रस्त्यात रडली. पाटीवाला बिचारा ब्रश परत द्यायला निघाला.

पण ती लगेच बाबांकडे गेली नाही. एवढी अक्कल तिला होती की नुसतं "सॉरी" म्हणून हे निस्तरणार नाही. आपण जे ठोकून दिलं ते खरं किती आणि ऐकीव किती, हे आधी बघायला हवं होतं. शाळेतून सुटली की वाचनालयात बसायला लागली. आणि रोज सकाळी, बाबा अंघोळीला गेले की, कारखान्यात जाऊन मातीवर ओली फडकी घालायला लागली. ज्या उठण्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, त्या उठण्याची माती.

चोरी लपते कुठे? एका सुट्टीच्या दिवशी दुपारी साचेवाल्यांचा हात सहज त्या फडक्याला लागला आणि ओला झाला.

"हे कुणी केलं?"

लेक दारातच उभी होती, पंखांपाशी. "मी."

"कशाला?"

"तडा गेला असता."

"जाऊ दे ना. तूच म्हणालीस ना, सगळं उसनं आहे म्हणून?"

ती आत आली आणि प्लास्टरच्या पोत्यावर बसली. साडी पांढरी झाली, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "मी त्या दिवशी जास्त बोलले, बाबा."

"खरं तेच बोललीस. मांडी मी ओळखली."

"मांडी खरी आहे. चित्रं काढणाऱ्यांनी जुनी चित्रं बघून काढली असणार, ते मी मागे घेत नाही. तारखेबद्दल जाणकारांतच भांडणं आहेत. पण मरून उठणाऱ्या देवांचं मी नीट वाचलंच नव्हतं. कुणाचं तरी भाषण ऐकलं होतं आणि रागात तुमच्यावर फेकलं." तिनं नाक पुसलं. "त्या मांडीवर बाळ असलेल्या देवीचंच घ्या. तिच्या नवऱ्याला त्याच्या भावानं मारलं. तुकडे तुकडे करून देशभर फेकून दिले. ती बाई हिंडत हिंडत गेली, एकेक तुकडा शोधला, सगळे आणून जोडले. पण तो परत आला नाही, बाबा. खाली, मेलेल्यांचा राजा होऊन राहिला. ही गोष्ट वेगळी, आपली वेगळी. मी एका साच्यातली म्हणून मोकळी झाले."

साचेवाल्यांनी ओलं फडकं तसंच हातात धरलं होतं. त्यांना येशूचं काही विचारायचं असेल असं तिला वाटलं. पण ते म्हणाले, "सगळे तुकडे सापडले तिला?"

"एक नाही सापडला म्हणतात."

"कुठला?"

"ते जाऊ द्या, बाबा."

"बरं." मग म्हणाले, "किती हिंडली असेल गं ती." आणि त्यांचे डोळे भरून आले. आजवर त्या देवीकडे त्यांनी चोरीचा माल म्हणून पाहिलं होतं. आता पहिल्यांदा त्यांना ती बाई दिसली. तुकडे जोडणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? तुकडा तुकड्याला लागत नाही, कड जुळत नाही, हात दुखून येतात. तीही कुणाचं बघून रडली नसणार. तिचा नवरा गेला होता, म्हणून रडली. "मला वाटायचं, ऊठ असं आपल्याच लोकांनी पहिल्यांदा म्हटलं," ते म्हणाले. "सगळ्यांनीच म्हटलंय की. ज्यानं ज्यानं कुणाला पुरलं, त्यानं त्यानं."

"हो."

"म्हणजे उसनं नाही?"

लेकीला खोटं बोलता आलं असतं. "नाही" म्हणाली असती तर म्हातारा त्या दिवशी पोटभर जेवला असता. पण ती त्यांचीच लेक. "काही आहे, काही नाही," म्हणाली. "पण उसनं नाही म्हणून खरं, असं नसतं. आणि उसनं आहे म्हणून खोटं, असंही नसतं. एवढंच मला सांगता येतं."

"आणि तुझी आई?"

"ते इतिहासात नाही, बाबा."

साचेवाले त्या मातीच्या बाईकडे वळले. मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि घमेल्यात पाणी घेतलं. "इकडे ये," म्हणाले. "हात दे."

"काय करताय?"

"हिचा हात काही केल्या जमेना. फळीवर बघितलं, तर सगळे हात एक तर आशीर्वाद देणारे, नाहीतर जोडलेले. कुणाचा हात धरलेला एकही नाही. सासऱ्यांनी कधी केलाच नाही. आणि मनानं करायला गेलो की तुझ्या आईचा हात आठवतच नाही, नुसता हातासारखा हात होतो. तुझा हात तिच्यासारखा आहे, त्याचाच साचा घेतो."

तिनं आपला हात उलटासुलटा करून पाहिला. तिला तो आजवर नुसता खडूचा हात वाटत होता. साचेवाल्यांनी त्यावर तेल चोळलं. लहानपणी ताप आल्यावर चोळायचे तसं, बोटांच्या बेचक्यांतून, जरा दांडगाईनंच. मग मातीची गादी केली, आपला उजवा हात त्या गादीवर ठेवला आणि म्हणाले, "आता धर. असं नाही, दुकानदाराला भेटल्यासारखं नाही. कुणीतरी वर ओढून काढतंय, असं धर."

"आणि येशूचा हात म्हणून तुमचा चालणार?"

"तो काय म्हणणार आहे! सुतार होता. माझ्यापेक्षा चांगले नसतील त्याचे." डाव्या हातानं ते पळीनं पातळ प्लास्टर सोडायला लागले. ते मनगटावर, बोटांवर, दोन्ही हातांच्या मधल्या फटींत शिरलं. हळूहळू पांढरं झालं, आणि कुणाचा हात कुठला ते दिसेनासं झालं.

"आता हलायचं नाही," साचेवाले म्हणाले.

दोघं अशी बसली. बाहेर सायकलवाला ट्यूबमध्ये हवा भरत होता. लेकीला हातात ऊब जाणवायला लागली. "बाबा, गरम होतंय."

"होतं. घट्ट होताना होतं. घाबरू नको."

"बाबा."

"हं."

"तुम्हाला अजून वाटतं, आई भेटेल?"

साचेवाल्यांनी पळीच्या टोकानं प्लास्टर टोचून पाहिलं. "पहिल्यासारखं नाही वाटत," म्हणाले. "आधी माहीत होतं. आता माहीत नाही. पण जायचं तिकडेच आहे, मग रस्ता बदलून करू काय? कबरीवर हेच बसवणार."

तिनं मान हलवली. तिचं नाक वाहत होतं, डोळेही. उजवा हात अडकलेला, डाव्या हातावर प्लास्टर उडालेलं. साचेवाल्यांनी मोकळ्या हातानं पळी खाली ठेवली आणि आपल्या बाहीनं तिचं तोंड पुसलं. तिच्या गालावर पांढरा पट्टा उमटला.

"आणि भेटलीच," ती म्हणाली आणि थांबली.

"भेटली तर काय?"

"तर तिला सांगा, मी चुकले होते. मी सगळं वाचलं, बाबा, सगळं तपासलं, आणि मला नाही वाटत ती भेटेल. पण मला चुकायचंय. या एकाच बाबतीत मला चुकायचंय हो."

तिचा सगळा हात थरथरायला लागला, प्लास्टरच्या आतल्या आत. साचेवाल्यांनी तो आणखी घट्ट धरला.

"सांगतो," ते म्हणाले. "पण आधी तू हलू नकोस."